फळ्यावरचा अनोळखी इसम

आमच्या गावच्या चौकात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सिमेंटचा एक काळा फळा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या फळ्यावर रोज सकाळी बातम्या लिहिण्याचं काम मी अंगावर घेतलं होतं. गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातलं, धानाचं आणि तळ्याचं. वर्तमानपत्र येतं ते एसटीने, ऊन चढल्यावर. तोवर माणसं कामाला निघून गेलेली असतात. म्हणून मी लवकर उठून टीव्हीवर बातम्या ऐकायचो, त्यातल्या चार-पाच निवडायचो आणि उजाडलं की चौकात जाऊन लिहायचो. वरच्या कोपऱ्यात वार आणि तारीख, मधे देशाची बातमी, खाली तालुक्याची आणि अगदी तळाशी गावची. नळ येणार नाही, रेशन आलं, कोणाची शेळी हरवली.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने सगळं पुसायचं आणि नवं लिहायचं. फळ्याची ही मोठी सोय असते. पुसलं की झालं, चुकलं होतं असं कोणाला सांगावं लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात लिहिलेली एक ओळ मी अशीच पुसली. ती खोटी होती, आणि ती खोटी आहे हे लिहिताना मला माहीत होतं. ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

त्या फळ्याचा मला अभिमान होता, हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. माझ्या लहानपणी त्या चौकातल्या पारावर आमच्या वस्तीतलं कोणी बसत नसे. तळ्यावर आमचा घाट वेगळा होता, जनावरं धुतात त्याच्याही खालच्या अंगाला. वडिलांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली, मला शाळेत घातलं, मी शिक्षक झालो. आणि म्हातारपणी त्याच चौकात, पाराला लागून, गावाने सकाळी काय वाचावं ते मी ठरवत होतो. हाताला लागलेली खडूची धूळ मी घरी पोहोचेपर्यंत झटकत नसे.

आता बर्फवाल्याबद्दल. तो मुसलमान होता, मूलला राहायचा. आमचं तळं जुन्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, बांधलेलं, मोठं आहे. गावातल्या ढिवरांची मच्छीमार सोसायटी ते ठेक्याने घेते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सोसायटी मोठं जाळं टाकते, आणि एकाच सकाळी रोहू, कतला, मृगळ यांचे ढीग पळसाच्या पानांवर लागतात. उन्हात मासोळी किती टिकणार? म्हणून बर्फ. बर्फवाला आपल्या टेम्पोत धानाच्या भुशाखाली बर्फाच्या लाद्या घेऊन यायचा आणि त्याच टेम्पोत मासोळी भरून चंद्रपूरला न्यायचा. माझ्या नोकरीच्या काळापासून हेच चाललं होतं.

जाळं पडायच्या आदल्या दिवशी तो पाणी पाहायला यायचा. पाणी सोडायची मोरी आहे तिथे पाळीला, म्हणजे तळ्याच्या बांधाला, दगडी पायऱ्या आहेत. किती पायऱ्या उघड्या पडल्या त्यावरून चंद्रपूरचा व्यापारी अंदाज बांधतो की मासोळी किती निघेल आणि बर्फ किती लागेल. आधी तो पायऱ्या मोजून सांगायचा. कॅमेऱ्याचा फोन आल्यापासून पायऱ्यांचे, मोरीचे आणि सगळ्या तळ्याचे फोटो काढून पाठवायचा. मोरीपाशी बांबू टाकून पाण्याची खोलीही बघायचा. बांबू धरायला कोणीतरी लागतं. मी सकाळी पाळीवर फिरायला जायचो, म्हणून बहुतेक वर्षी तो बांबू मीच धरलेला आहे.

जाळ्याच्या दिवशी जाताना तो आमच्या दारात बर्फाचा एक तुकडा ठेवून जायचा. बायकोला म्हणायचा, "बाई, हे खायचं बर्फ आहे, मासोळीचं नाई." ती दरवर्षी विचारायची, हे कशावरून, आणि तो दरवर्षी तो तुकडा नाकाशी नेऊन वास घेऊन दाखवायचा. त्या दिवशी आमच्याकडे कैरीचं पन्हं व्हायचं.

गेल्या उन्हाळ्यात आधी काश्मिरात निरपराध माणसं मारली गेली आणि मग पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. मेलेल्या माणसांचं दुःख खरं होतं, आमच्या गावातही चूल उशिरा पेटलेली घरं मी पाहिली. पण टीव्हीवर ते दुःख फार वेळ टिकलं नाही. तिथे भोंगे वाजायला लागले, नकाशावर ज्वाळा दिसायला लागल्या. एका सकाळी सांगितलं की त्यांचं बंदर जळालं. थोड्या वेळाने सांगितलं की एक मोठं शहर आपल्या ताब्यात आलं. मी लाल खडू घेतला आणि ते फळ्यावर एवढं मोठं लिहिलं की खाली रेशनच्या बातमीला जागा उरली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या फळ्यासमोर टाळ्या पहिल्यांदाच वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या शहराचं नावही कोणी घेतलं नाही. चुकलं, असंही कोणी म्हटलं नाही. तोच निवेदक दुसरा कोट घालून दुसरंच काही सांगत होता. मीही लाल अक्षरं पुसली आणि दुसरं काही लिहिलं. कोणी विचारलं नाही, की गुरुजी, कालच्या शहराचं काय झालं.

सीमेवरचं कमी पडलं की टीव्हीवर घरातले शत्रू सुरू व्हायचे. कुठल्या तरी दाट वस्तीच्या गल्ल्या, टोप्या घातलेली पाठमोरी माणसं, आणि खाली एक वाक्य, शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह कशासाठी असतं ते मी मुलांना सारा जन्म शिकवलं होतं. त्याचा हा उपयोग मला नव्याने कळत होता. काहीच सांगायचं नाही, फक्त विचारायचं, आणि उत्तर ऐकणाऱ्याने द्यायचं. धरणं, तलाव, वीजघरं यांच्यावर नजर ठेवा, असंही पुन्हा पुन्हा सांगत होते.

मी हे सगळं वेगळं बसून पाहत होतो असं म्हटलं तर तेही खोटं होईल. त्या दिवसांत "आपण" हा शब्द टीव्हीवर सारखा यायचा. चौकात लोक म्हणायचे, आपण त्यांना असं मारलं, आपण तसं मारलं, आणि म्हणताना माझ्याकडे बघायचे. माझ्या वडिलांना ज्या पारावर बसू दिलं नाही तिथली माणसं मला "आपण" म्हणत होती. मला ते आवडत होतं. तो शब्द कोणाला तरी बाहेर ठेवल्याशिवाय एवढा ऊबदार होत नाही, हे मला कळायला हवं होतं. बाहेर उभं राहण्याचं शिक्षण माझ्या घरात झालेलं होतं.

बर्फवाला पाणी पाहायला आला तो याच दिवसांत. मी पाळीवर होतो. त्याने बांबू माझ्या हातात दिला, मी धरला, त्याने पायऱ्यांचे फोटो काढले. यंदा पाणी लवकर उतरलं, असं काहीतरी आम्ही बोललो. लढाईबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही.

संध्याकाळी पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं की पाळीवर कोणी फोटो काढून राह्यला होता. मी तिथेच उभा होतो. तो बर्फवाला होता एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी पान घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर नवं काही नव्हतं. लढाई थांबणार असं बोललं जात होतं. फळ्यासमोर लोक आधीच येऊन उभे होते. "गुरुजी, आज काई गरम नाई का?" असं एकाने विचारलं. मी देशाची बातमी लिहिली, ती थंड वाटली. मग लाल खडूने खाली लिहिलं: "गावतळ्याच्या पाळीवर अनोळखी इसमाकडून मोरीचे फोटो? नागरिकांनी सतर्क राहावे."

अनोळखी इसम. हे दोन शब्द मी सुवाच्य अक्षरात लिहिले. का लिहिले, याचं उत्तर मी वर्षभर शोधतो आहे. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नव्हता. मी स्वतःला सांगितलं की गावात चर्चा आहे आणि मी चर्चा लिहितो आहे. नाव तर लिहिलं नाही. प्रश्नचिन्हही दिलं आहे. दुपारपर्यंत लोकांना कळेलच की तो बर्फवाला होता, आणि हसतील. खरं कारण बहुधा एवढंच होतं, की माणसं उभी होती आणि मला ती जायला नको होती.

जाळं पडलं होतं. पहिला ढीग पळसाच्या पानांवर लागत असताना टेम्पो पाळीशी आला, आणि फळा वाचून आलेले काही तरुण त्याला आडवे झाले. मी त्यांच्या मागोमाग गेलो होतो. त्यांनी त्याचा फोन मागितला. त्याने दिला. त्यात पायऱ्यांचे आणि मोरीचे फोटो निघाले, यंदाचे, मागच्या वर्षीचे, त्याच्या मागच्याही वर्षीचे. तो म्हणत होता, बघा ना, दरवर्षी काढतो. आणि दरवर्षी काढतो हेच त्यांना जास्त वाईट दिसत होतं. सोसायटीची माणसं कमरेइतक्या पाण्यात जाळं धरून उभी होती. ती त्याला चांगली ओळखत होती. जाळं सोडून कोणी वर आलं नाही.

मग त्याला मी दिसलो. त्याच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं झालं, ते मला अजून दिसतं. तो म्हणाला, "गुरुजीले विचारा. गुरुजीले सारं माहीत हाय."

सगळे वळले. एकाने विचारलं, "गुरुजी, तुमी लिवलं थो हाच का?"

मी म्हणालो, "मी कोणाचंही नाव लिहिलेलं नाही."

एवढंच म्हणालो. वर्गात बोलावं तसं स्पष्ट. बर्फवाला माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने बघणं सोडलं.

त्यांनी लाद्या खाली ओढल्या. धुळीत पडून त्या फुटल्या, पोरं त्यावर चढून नाचली. दोघांनी त्याला धक्के मारले, घोषणा द्यायला लावल्या. त्याने दिल्या, मागितल्या त्याहून मोठ्याने. पोलीस आले आणि त्याला गाडीत बसवून घेऊन गेले. गाडीत बसताना तो हातावरचा भुसा झटकत होता. मासोळी उन्हात पडून राहिली. लोकांनी टोपल्या भरभरून घरी नेली, उरलेली संध्याकाळी पाळीच्या खाली पुरली. पुढे बरेच दिवस त्या बाजूने वारा आला की चौकात वास यायचा.

फळ्याचा फोटो कोणीतरी मोबाइलवर पुढे पाठवला होता. दुपारी तो एका बातम्यांच्या चॅनेलवर आला, मोबाइलवरच चालणाऱ्या. "तलावाची टेहळणी, एक ताब्यात." खाली त्याचं पूर्ण नाव. दाखवलेलं तळं आमचं नव्हतं, आणि टोपी घातलेला जो माणूस दाखवला तो बर्फवाला नव्हता, तो टोपी घालत नसे. तालुक्याच्या एका वार्ताहराने मला फोन करून बातमी पक्की का, असं विचारलं. मी म्हणालो, मला नक्की माहीत नाही. तो म्हणाला, अहो, फळ्यावर तर तुम्हीच लिहिलंय. दुसऱ्या दिवशी छापून आलं, सूत्रांच्या हवाल्याने.

एक गोष्ट सांगायला मला सर्वांत जड जाते. त्याला नेलं त्या संध्याकाळी त्या चॅनेलवरची चित्रफीत मीही पाहिली. मागे संगीत होतं, लाल वर्तुळं होती, कापऱ्या आवाजात कोणी बोलत होतं. माझीच ओळ होती ती. बांबू मी धरला होता. तरी क्षणभर माझ्या मनात आलं, म्हणजे काहीतरी असेल.

बायको शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, "बांबू त तुमी धरला होता ना?" आणि उठून आत गेली. या विषयावर ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

त्याला त्याच दिवशी सोडून दिलं होतं. गुन्हा नव्हताच. ठाण्यात एका शिपायाने चांगल्या मनाने विचारलं म्हणे, की घरात कोणी फौजेत आहे का, असेल तर लवकर सुटशील. तो म्हणाला, नाही साहेब, आमच्यात सारे बर्फातच. सोडल्याची बातमी कुठे आली नाही. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लढाई थांबल्याचं लिहिलं. तळाशी एका ओळीची जागा होती. तिथे गॅस सिलिंडरची गाडी येणार असल्याचं लिहिलं.

पुढे पावसाळ्यात खांदा दुखतो असं सांगून मी खडू ठेवून दिला. रिकामा बसलो तसं मागचं आठवायला लागलं. तालुक्यात चोरी झाली, मारामारी झाली, आणि आरोपी मुसलमान असला की मी त्याचं नाव लिहायचो. दुसरा कोणी असला की लिहायचो, "युवकास अटक". असं कोणी मला शिकवलं नव्हतं. वर्तमानपत्रात तसं असायचं, टीव्हीवर तसं असायचं, माझा हात तसा वळला. आमच्या वस्तीतल्या पोरांची नावं जातीसकट छापायचे तेव्हा मी वर्तमानपत्राला रागाने पत्रं लिहिली होती. ते मी विसरलो नव्हतो. हे वेगळं आहे, असं मला वाटत होतं.

धान निघाल्यावर, थंडीत, मी मूलला गेलो. टेम्पो त्याने विकला होता आणि एका राइस मिलमध्ये कामाला लागला होता. मिल चालू होती, काही ऐकू येत नव्हतं. तो मला बाहेर ओट्यावर घेऊन आला. अंगभर कोंडा होता, पापण्यांवरसुद्धा. त्याने आधी बायकोची तब्येत विचारली. मग चहा सांगितला.

मी जे ठरवून गेलो होतो ते बोललो. फळ्यावर लिहितो, म्हणालो. मोठ्या अक्षरात लिहितो की ती ओळ खोटी होती, तो बर्फवाला होता, बांबू मी धरला होता, आणि खाली माझं नाव घालतो.

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "नका लिवू, गुरुजी," तो म्हणाला. "लिवलं का लोक वाचतीन. वाचलं का फोटो काढतीन, फिरवतीन. पुन्हा माझं नाव निघन. आत्ता कुठी विसरून राह्यले."

पश्चात्ताप लिहायलासुद्धा मी जागा त्याच फळ्यावर शोधली होती. तो रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. पेला पुन्हा उचलून तो म्हणाला, "सांगाचंच असन त सोसायटीत सांगा. तोंडानं. बांबू कोनं धरला थे सांगा. तळ्यावर यावं वाट्टे मले. दुसरं काई नाई."

तेव्हा मला कळलं की त्याला माफी नको होती, त्याला त्याचा उन्हाळा परत हवा होता.

हे इतरत्र कुठे, नाव न घालता लिहू का, असं मी निघताना विचारलं. तो पहिल्यांदा हसला. "पुस्तकात लिवा. आपल्या इकडं पुस्तक कोन वाचते." म्हणून इथे कोणाचंच नाव नाही. माझं असायला हवं होतं, पण माझ्यावरून गाव कळेल आणि गावावरून तो.

यंदा जाळ्याचा दिवस ठरवायला सोसायटीची सभा झाली तेव्हा मी गेलो. मी सभासद नाही. परवानगी मागून उभा राहिलो आणि सांगितलं. की तो कोण होता ते मला माहीत होतं, आदल्या दिवशी बांबू मीच धरला होता, आणि पाळीवर सर्वांसमोर मला विचारलं तेव्हा मी ते लपवलं. त्याला पुन्हा बोलवावं, अशी विनंती केली. कोणी वर बघत नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, त्याले येऊ नको असं कोनं म्हणलं? आमी त नाई म्हणलं."

ते खरं होतं. तसं कोणीच म्हटलं नव्हतं.

मागून एक म्हातारा जाळेवाला म्हणाला, "मंग त्याले 'ये' म्हनाले कोन गेलं?"

थोडं खाकरणं झालं, आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. सिंदेवाहीकडचा एक बर्फवाला आधीच सांगून ठेवला होता. तरी शेवटी अध्यक्ष मला बाहेर येऊन म्हणाले की जुना येत असेल तर येऊ द्या, नव्याला मी समजावतो.

मी तिथूनच मूलला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. पलीकडे मिलचा आवाज येत होता. सांगितलं थे बरं झालं, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "पन आता नाई जमनार. मी लई विचार केला. त्या पाळीवर उभं राहून मले खिशातून फोन नाई काढता येनार, गुरुजी." मी म्हणालो, फोटो मी काढून देईन. तो म्हणाला, "तुमी नका काढू." आणि बाईला सलाम सांगून त्याने फोन ठेवला.

जाळ्याच्या आदल्या दिवशी मी पाळीवर गेलो. सिंदेवाहीकडचा बर्फवाला मोटारसायकलवर आला होता. गोरा, कपाळाला गंध लावलेला, बोलका माणूस. त्याने पायऱ्यांचे फोटो काढले, मोरीचे काढले, मग पाळीवर उभं राहून फोन फिरवत सगळ्या तळ्याची चित्रफीत घेतली. गेल्या वर्षी टेम्पो अडवणाऱ्यांपैकी दोघं तिथे आंब्याखाली बसले होते. फोटोत येते म्हणून एकाने उठून आपली गाडी बाजूला घेतली.

बांबू धरायला कोणी नव्हतं. त्याने मला विचारलं, बाबाजी, जरा धरता का. मी पायऱ्या उतरून धरला. पाणी मागच्या वर्षीपेक्षा बरं होतं. ओल्या बांबूचा थंडपणा तळव्याला लागला. तो वरून फोन रोखून उभा होता.

"बाबाजी, थोडं सरका," तो म्हणाला. "फोटोत येऊन राह्यले."

मी सरकलो.